स्थानकाच्या छपराखाली

कोथरूडला पौड रस्त्यावर वनाझ नावाचे मेट्रोचे स्थानक आहे. ६ मार्च २०२२ रोजी तेथून गरवारे महाविद्यालयापर्यंत पहिली गाडी धावली. पुढे १ ऑगस्ट २०२३ रोजी ही वाट रुबी हॉलपर्यंत आणि ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंत गेली. ज्या कोथरूडास जाण्यासाठी एके काळी पुणेकर लकडी पूल ओलांडून, शेतांमधून पायपीट करीत, ते कोथरूड अशा रीतीने शहराच्या दुसऱ्या टोकास, विमानतळाच्या वाटेस, लोखंडी रुळांनी जोडले गेले.

या स्थानकाचा जिना चढताना प्रवाशाच्या ध्यानात येत नाही अशी एक गोष्ट घडते. खालच्या पदपथावर एक कायदा चालतो आणि वरच्या फलाटावर दुसरा. खाली उभे राहून एखाद्याने हातातली पत्रके वाटली, दोन शब्द मोठ्याने बोलले, अथवा एखाद्या अनाथालयासाठी डबा पुढे केला, तर त्याचा विचार रहदारीच्या आणि पोलिसांच्या नियमांनी होईल. अडचण झाली तर त्यास हटवतील, न झाली तर कोणी विचारणारही नाही. तोच मनुष्य तीच पत्रके घेऊन वर गेला की मामला पालटतो. मेट्रो रेल्वे चालविण्याविषयीच्या २००२ सालच्या कायद्याच्या ६२ व्या कलमाने मेट्रोच्या कोणत्याही भागात कोणत्याही प्रकारच्या निदर्शनास मनाई केली; परवानगीवाचून कागद चिकटविण्यास व काही लिहिण्यास मनाई केली; आणि निदर्शकाजवळ तिकीट असले तरी त्यास बाहेर काढण्याचा अधिकार व्यवस्थापनास दिला. परवानगीवाचून वस्तू विकण्यास याच कायद्यात दुसऱ्या एका कलमाने बंदी आहे. निदर्शन शांतपणे केले की आरडाओरडा करून, वाट अडली की मोकळी राहिली, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

प्रवाशाची सोय पाहता हा नियम कोणासही गैर वाटणार नाही. गाडी चुकू नये, धक्काबुक्की होऊ नये, चोरास संधी मिळू नये, हे सर्वांनाच हवे असते. परंतु ज्या रस्त्यावरून हा पूल गेला आहे त्या रस्त्यास धोंडो केशव कर्वे यांचे नाव आहे, आणि अनोळखी माणसांपुढे हात पसरणे हे कर्व्यांच्या आयुष्यातले एक मोठे काम होते. तेव्हा या नियमाचा पूर्वेतिहास जरा उलगडून पाहण्याजोगा आहे.

कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे प्लेगच्या धामधुमीत १९०० साली तो हिंगण्यास नेला. जमीन दिली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी, आणि तीवर उभी राहिली एक झोपडी. फर्ग्युसनमधील गणिताची शिकवणी आटोपली की कर्वे आश्रमासाठी लागणारे जिन्नस घेऊन पायी हिंगण्याची वाट धरीत. विधवांना शिकविणे ही कल्पनाच त्या वेळच्या पुण्यास इतकी अप्रिय होती, की या संस्थेस धनिकांचा आधार मिळणे कठीण होते. म्हणून रुपया-दोन रुपयांच्या देणग्यांवर, आणि त्या मिळविण्यासाठी केलेल्या भाषणांवर, तिचा संसार चालला. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया, याही आश्रमासाठी वर्गणी मागत. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी तर गावोगाव हिंडून, सभा भरवून, ऐकणाऱ्यांकडून पैसा गोळा केला. इंग्रजीचा गंध नसता १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या. आणि कर्वे? १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढून ते पुन्हा दारोदार फिरू लागले. विद्यापीठाचा संस्थापक चार-चार आण्यांसाठी जिने चढतो, हे दृश्य त्या काळच्या पुणेकरांस अपूर्वाईचे वाटले नसावे. मागणे हा या शहराच्या सार्वजनिक जीवनाचा रोजचा व्यवहार होता. माधुकरी मागून शिकलेल्यांची पिढी तेव्हा हयात होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बोलणे आणि मागणे ही दोन कामे त्यांत निराळी नव्हती. पार्वतीबाईंचे भाषण हे देणगीची प्रस्तावना होती, आणि पैसाफंडाचा पैसा देणाऱ्यास स्वदेशीचे प्रवचन फुकट ऐकावयास मिळत असे. मागणारा मनुष्य जे बोलतो ते त्याचे मत असते, आणि देणारा जे देतो तो त्याचा अभिप्राय असतो. कायद्याने पुढे या दोहोंची फारकत केली.

या कर्वे रस्त्यावर आणखी एक आठवण आहे. ऑक्टोबर १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी झाली ती लकडी पुलापलीकडच्या मोकळ्या जागेत. आज त्या बाजूस कर्वे रस्त्यालगत सावरकरांचे स्मारक आहे. होळीच्या प्रसंगी टिळक होते, शिवराम महादेव परांजपे होते, आणि पुढाकार घेणाऱ्यांत फर्ग्युसनचा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर होता. या प्रकरणी सावरकरांस शिक्षा झाली ती कोण्या न्यायालयाकडून नव्हे. कॉलेजने त्यांस दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जे नात्याने कर्व्यांचे मामेभाऊ आणि ज्यांच्या शिक्षणाचा भार कर्व्यांनीच उचलला होता. मैदानात जे बोलता येते ते वसतिगृहाच्या मालकास रुचेलच असे नाही, आणि मालकाला हाकलण्याचा अधिकार असतो. राजद्रोहाच्या खटल्यांचा गाजावाजा झाला, पण घरमालकाचा हा निमूट अधिकारही वाणीस आवर घालतो, हे पुण्याने त्या दिवशी पाहिले.

रेल्वेचे फलाट तेव्हा सरकारचे किंवा सरकारी हमीवर चालणाऱ्या कंपन्यांचे होते, तरीही या देशातील मोठ्या चळवळींनी त्यांचा सभागृहासारखा उपयोग केला. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून हरिजन-दौरा सुरू केला. तो नऊ महिने चालला, साडेबारा हजार मैलांचा झाला, आणि त्यात सुमारे आठ लाख रुपये जमले. स्थानकावर गाडी थांबली की जमाव डब्यास भिडे, आणि खिडकीतून गांधीजींचा हात बाहेर येई. त्या हातावर पै-पैसा पडे, बांगडी पडे. फलाटावर इतका मोठा याचक पूर्वी कधी उभा राहिला नसेल. हाच दौरा जून १९३४ मध्ये पुण्यास आला असता नगरपालिकेच्या मानपत्रास जाणाऱ्या मोटारीवर बाँब पडला. वाणीस खरा धोका कोणाकडून असतो याचे उत्तर नेहमी नियमांच्या पुस्तकात सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने भाषणाचा, आणि शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला. मग प्रश्न उभा राहिला की हा हक्क बजावावयाचा कोठे? हक्क हवेत तरंगत नाही, त्यास पाय टेकण्यास भूमी लागते, आणि देशातील बहुतेक भूमीस कोणी ना कोणी मालक असतो.

हाच प्रश्न अमेरिकेत आधी उपस्थित झाला होता. बोस्टनच्या सार्वजनिक उद्यानात परवान्यावाचून प्रवचन करणाऱ्या एका धर्मोपदेशकाच्या खटल्यात तेथील राज्याचे न्यायाधीश होम्स यांनी १८९५ साली असे म्हटले, की शासनाने रस्त्यावर वा उद्यानात भाषणास बंदी करणे म्हणजे घरमालकाने आपल्या घरात बंदी करण्यासारखेच आहे. १८९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुढे चाळीस वर्षांनी वारे फिरले. जर्सी सिटीच्या नगराध्यक्षाने कामगार-संघटनेस सभा व पत्रके यांची मुभा नाकारली तेव्हा, १९३९ साली, न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिले, की रस्ते आणि उद्याने यांची मालकी कोणाकडेही असो, ती पुरातन काळापासून लोकांच्या एकत्र येण्यासाठी व विचारविनिमयासाठी विश्वस्ताच्या नात्याने राखलेली आहेत. सरकार घरमालक की विश्वस्त, या एका प्रश्नाभोवती पुढचा सारा वाद फिरत राहिला.

हिंदुस्थानात या दोन्ही मतांना तीन वर्षांच्या अंतराने जागा मिळाली. १९६९ साली रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजनसिंग हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे निकालास आला. उत्तर रेल्वेतील या कामगार-कार्यकर्त्याने मनाई असता रेल्वेच्या आवारात सभांतून भाषणे केली होती, आणि त्याबद्दल त्यास नोकरीतून दूर केले होते. न्यायमूर्ती हेगडे यांनी निर्णय दिला, की नागरिकास भाषणस्वातंत्र्य आहे याचा अर्थ ते त्याला वाटेल त्या जागी वापरता येते असा होत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचा हक्क जेथे सुरू होतो तेथे हे स्वातंत्र्य थांबते, आणि मालमत्तेच्या बाबतीत सरकार हेही इतरांसारखेच एक मालक. म्हणजे बोस्टनचा घरमालक पाऊणशे वर्षांनी आपल्या रेल्वेच्या आवारात अवतरला. मात्र हा निकाल कामगाराच्या शिस्तीविषयी व कामाच्या जागेविषयी होता. ज्या फलाटावर तिकीट काढून कोणीही येतो, त्याचा निराळा विचार तेथे झाला नाही, आणि पुढे या वाक्याचा आधार घेणाऱ्यांनी हा भेद क्वचितच पाळला.

दुसरा निकाल मुंबई इलाख्याच्या परंपरेतला आहे, म्हणून पुणेकरास अधिक जवळचा. १९५१ सालचा मुंबई पोलिस कायदा महाराष्ट्राप्रमाणे गुजरातेतही लागू होता. अहमदाबादच्या पोलिस आयुक्तांनी त्याखाली असा नियम केला, की पूर्वपरवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर सभा घ्यावयाची नाही. परवानगी केव्हा द्यावी व केव्हा नाकारावी याबद्दल मात्र नियमात अक्षर नव्हते. १९६९ साली एका विद्यार्थी-संघटनेच्या सभेस परवानगी नाकारली गेली. हिम्मतलाल शहा यांचा हा खटला पाच न्यायाधीशांपुढे चालला आणि १५ सप्टेंबर १९७२ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश सिक्री यांनी सांगितले, की रस्त्यावरील सभांचे नियमन करता येईल, परंतु सर्व रस्त्यांवरील सर्व सभा बंद करण्याचा अधिकार सरकारासही नाही, आणि मनास येईल तशी परवानगी नाकारण्याची मोकळीक देणारा नियम टिकत नाही. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी आपल्या निकालपत्रात अमेरिकन विश्वस्त-कल्पनेचा ऊहापोह केला. रस्ता अशा रीतीने लोकांचा ठरला. पुण्यातही आयुक्तालयाचे मनाई-आदेश पंधरा पंधरा दिवसांच्या मुदतीने याच १९५१ च्या कायद्याखाली निघत आले आहेत. त्यांत मुदत असते, कारण द्यावे लागते, आणि दाद मागता येते. छपराखालच्या बंदीस मुदत नाही.

हिम्मतलाल निकालाने जे बोलणाऱ्यास दिले ते मागणाऱ्यास मिळाले नाही. मुंबई सरकारने १९४५ साली भिकाऱ्यांविषयी कायदा केला, आणि त्याची जागा १९५९ सालच्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्याने घेतली. त्यातील व्याख्या एकदा लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करण्याच्या किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने का असेना, ही भीक. या चाळणीतून वासुदेव सुटत नाही, पिंगळा सुटत नाही, गोंधळी व नंदीबैलवालाही सुटत नाही. अपवाद एवढाच, की कायद्याने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने मान्य केलेल्या कामासाठी मागितले तर ती भीक होत नाही. शिक्का असेल तर वर्गणी आणि नसेल तर भीक, असा हा हिशेब आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच मुंबई कायद्याची मुख्य कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविली. महाराष्ट्र हे त्याचे माहेर. पण तो निकाल दिल्लीपुरता होता. रेल्वेच्या १९८९ सालच्या कायद्यातही फेरीवाला आणि भिकारी हे दोघे एकाच कलमात शेजारी शेजारी बसविले गेले.

विमानतळाचा प्रश्न मात्र खरा पेटला तो अमेरिकेत, आणि तोही एका हिंदुस्थानी प्रथेवरून. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये भक्तिवेदान्त स्वामींनी कृष्णभक्तीचा संघ स्थापिला. त्याचे अनुयायी संकीर्तन करीत, ग्रंथ वाटीत आणि देणगी मागत. पंढरीच्या वाटेवर ज्यास कोणी हटकत नाही, तेच कर्म त्यांनी न्यूयॉर्क परिसरातील केनेडी, लागार्डिया व नेवार्क या तीन विमानतळांच्या इमारतींत सुरू केले. विमानतळ चालविणाऱ्या पोर्ट प्राधिकरणाने नियम केला, की इमारतींच्या आत वारंवार देणगी मागणे व पत्रके वाटणे बंद, बाहेरच्या पदपथावर मुभा. १९७५ साली दाखल झालेला हा दावा सतरा वर्षे चालला. मध्यंतरी, १९८७ साली, लॉस एंजेलिस विमानतळाचा एक ठराव तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केला. त्या ठरावात घटनेने संरक्षिलेल्या सर्व अभिव्यक्तीस सरसकट बंदी होती. न्यायालयाने म्हटले, की हा ठराव शब्दशः पाळावयाचा तर विमानतळावर कोणी बोलू नये, वाचू नये, छातीवर निवडणुकीचे बिल्लेही लावू नयेत. नियम लिहिणाऱ्याचा हात कसा सैल सुटतो याचा असा नमुना मिळणे कठीण.

न्यूयॉर्कचा निकाल २६ जून १९९२ रोजी लागला, आणि तो दुभंगलेला होता. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांच्या मते विमानतळ ही रस्त्यासारखी परंपरागत लोकांची जागा नव्हे. विमानतळ हा प्रकारच मुळी नवा, तो प्रवासासाठी बांधलेला, तेव्हा व्यवस्थापनाचा नियम केवळ वाजवी असला म्हणजे पुरे. समोरासमोर पैसे मागण्याची बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी टिकली. कारणे व्यावहारिक होती. सामानाने लादलेल्या, घाईतल्या माणसास अडवावे लागते. तो खिसा चाचपतो. मागच्या लोकांचा खोळंबा होतो. घाईचा फायदा घेऊन मोड कमी देणारेही निघतात, आणि फसलेला मनुष्य तक्रार करण्यास थांबू शकत नाही, कारण त्याचे विमान सुटते. परंतु पत्रके वाटण्यावरची बंदी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाली. दोन्हीकडे पारडे फिरविणाऱ्या होत्या न्यायमूर्ती ओकॉनर. त्यांचे म्हणणे असे, की ज्या इमारतीत व्यवस्थापनाने स्वतःच उपाहारगृहे, पुस्तकांची दुकाने आणि बँकासुद्धा थाटल्या, ती केवळ प्रवासाची जागा राहिली नाही. तेथे हातात दिलेला कागद घेऊन मनुष्य चालता होतो आणि सवडीने वाचतो, त्याने कोणाची वाट अडत नाही. न्यायमूर्ती केनेडी आणखी पुढे गेले. लोकांचे एकत्र येण्याचे जुने चौक आटत चालले असता नव्या जागांना हा दर्जा नाकारला, तर हक्क कागदावर उरेल, असा त्यांच्या मताचा आशय होता. पैसे जागच्या जागी घेण्याची बंदी मात्र त्यांसही मान्य होती.

या निकालाने केलेली वाटणी, म्हणजे बोलणे आत आणि मागणे बाहेर, वकिली दृष्टीने नेटकी आहे. प्रवाशाचा त्रास खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हिंगण्याच्या इतिहासाशी ही वाटणी ताडून पाहिली, की तिच्यातली उणीव दिसते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो मत मांडून थांबू शकतो. ज्याची संस्था उद्या बंद पडणार आहे त्यास मत आणि झोळी एकाच हातात धरावी लागते. पार्वतीबाईंस पत्रक वाटण्याची मुभा आणि वर्गणीची बंदी, असे कोणी सांगितले असते, तर त्यांची निम्मी वाचा गेली असती.

आपल्याकडच्या विमानतळांवर न्यूयॉर्कसारखा खटला का उद्भवला नाही, याचे उत्तर सरळ आहे. तेथे वाद होता तो आत काय करता येईल याचा. येथे प्रश्न दारातच मिटतो, कारण आत कोणी यावे हेच ठरलेले असते. पुण्याचे विमानतळ लोहगावी, हवाई दलाच्या तळावर. त्याची नवी इमारत जुलै २०२४ पासून वापरात आली. दाराशी सशस्त्र जवान तिकीट आणि ओळखपत्र ताडून पाहतो. ज्यास प्रवास करावयाचा नाही त्यास आत काम नाही. रेल्वेने निरोप देणाऱ्यांसाठी फलाटाचे तिकीट ठेवले. विमानाच्या बाबतीत निरोप दाराबाहेरच आटोपतात. सुरक्षेची कारणे उघड आहेत, आणि दहशतीचे प्रसंग पाहिलेल्या देशाने ती हलकी मानू नयेत. पण त्याचा परिणाम असा, की ज्या छपराखाली सर्व प्रांतांचे लोक दोन-दोन तास रिकामे बसतात, तेथे एका अनोळखी माणसाचे मत दुसऱ्याच्या कानी पडण्याची वाट उरली नाही. भिंतीवरच्या जाहिरातींस ती वाट आहे. जागेचे भाडे भरणाऱ्या गृहबांधणी-कंपनीचे म्हणणे प्रवासी पन्नास वेळा वाचतो.

मेट्रोत हा विरोध अधिक उठून दिसतो. पुण्याची मेट्रो जिने बांधली त्याच महामेट्रोने नागपुरात चालत्या डब्यात वाढदिवस व समारंभ साजरे करण्याची सोय शुल्क घेऊन उपलब्ध केली होती. केक कापावयाचा, गाणी म्हणावयाची, डबा फुग्यांनी सजवावयाचा. यात काही वावगे नाही. उलट रिकाम्या डब्यांतून उत्पन्न मिळाले. मात्र यावरून एवढे सिद्ध होते, की डब्यात गोंगाट, गर्दी व सजावट चालू शकते. न चालणारी गोष्ट गोंगाट नसून दुसरीच काही आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २९ ऑगस्ट २०२५ पासून मराठा आरक्षणासाठी मुंबईत आझाद मैदानावर आंदोलन झाले. परवानगी पाच हजार माणसांची होती, आणि आले त्याहून कितीतरी अधिक. पाऊस होता, मैदान अपुरे होते, आणि हजारो आंदोलकांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये आसरा घेतला. ते तेथे झोपले, जेवले, घोषणा दिल्या, खेळ मांडले. लाखो चाकरमान्यांचे ते स्थानक काही दिवस सभामंडप आणि धर्मशाळा दोन्ही झाले. उच्च न्यायालयाने रस्ते व परिसर मोकळे करण्याचा आदेश दिला, आणि २ सप्टेंबरला आंदोलन संपले. ज्याची शेवटची लोकल त्या गर्दीत चुकली त्यास विश्वस्त-कल्पना सांगण्यास जाणे हा उद्धटपणा ठरेल. परंतु त्याच वेळी हेही दिसले, की सभांसाठी शहरात एकच मैदान राखून ठेवले म्हणजे उरलेली सभा जवळच्या छपराखाली शिरते. मुंबईचे मोर्चे आझाद मैदानापुरते मर्यादित करण्याची ही वहिवाट १९९७ च्या सुमारास न्यायालयाच्याच आदेशाने पडली होती.

अडथळा आणणाऱ्या हजारोंचा जमाव आणि कोपऱ्यात उभा राहून कागद देणारा एकटा मनुष्य, या दोघांना २००२ चा कायदा एकाच कलमात मोजतो, हा त्याचा दोष आहे. जागा ठरवून द्यावी, वेळ ठरवावी, एका वेळी दोघांहून अधिक नकोत असे म्हणावे, पैसे घेणाऱ्याकडून नावपत्ता व पावती मागावी. हिम्मतलाल निकालाने रस्त्यासाठी हीच रीत घालून दिली आहे, आणि छप्पर घातल्याने ती अशक्य होते असे नाही. वनाझच्या स्थानकात तिकिटघरासमोरची मोकळी जागा कर्व्यांच्या पहिल्या झोपडीहून लहान नसावी.

पौड फाट्याशी मेट्रोचा पूल कर्वे रस्ता सोडतो आणि वनाझकडे वळतो. खालचा रस्ता तसाच पुढे कोथरूडमधल्या कर्वे पुतळ्याकडे जातो. गणेशोत्सव जवळ आला की त्या बाजूच्या मंडळांची मुले पावतीपुस्तके घेऊन इमारतींचे जिने चढू लागतात. १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती ठरावीक मुदतीपुरती असते.